स्वच्छ ऑइल

"ऑइल कोणी बदललं?"

ताईने डिपस्टिक फडक्याला पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा बाहेर काढली आणि मगच हा प्रश्न विचारला, अगदी हळू आवाजात. अंगणात उभ्या असलेल्या त्या एकतीस वर्षांच्या, दोन सीटांच्या स्पोर्ट्‌स कारचं ऑइल काळंकुट्ट असायला हवं होतं. ते निघालं मधासारखं पिवळं! व्हरांड्यात खुर्चीवर बाबा होते, दारात भावजय, बॉनेटजवळ वीस वर्षांची भाची, आणि पायरीवर धाकटा भाऊ, बुटाच्या नाड्यांत एकाएकी फार गुंतलेला.

"मीच बदलून आणलं," तो नाडीकडे बघत म्हणाला. "बाहेर एका ठिकाणी. म्हटलं, तेवढाच तुझा त्रास वाचेल."

त्रास वाचेल! ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या जुन्या ऑइलसाठीच तर ती आपलं गॅरेज बंद ठेवून सकाळी सकाळी इथे आली होती. रविवारी भाची ही गाडी घाटातल्या चढाईच्या शर्यतीत चालवणार होती, जिथे एके काळी बाबांनी ती चालवली होती. आणि या जातीच्या इंजिनाला एक छुपं दुखणं असतं. आतल्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं झिजत जातात, आवाज नाही, कुरकुर नाही... आणि एक दिवस तो रॉड इंजिन फोडून बाहेर येतो, सगळं ऑइल मागच्या चाकांखाली सांडतं, आणि त्या वेळी गाडी वळणावर असली तर पुढे दरीच. आधी कळायची खूण एकच, जुन्या ऑइलमध्ये आणि फिल्टरमध्ये उतरलेला धातूचा चुरा. रक्त तपासायच्या आदल्या दिवशी कोणी अंगातलं रक्तच बदलून टाकावं, तसं या शहाण्याने केलं होतं.

"बाबा, आता आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही," ती म्हणाली. "मला इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर उतरवू द्या. बेअरिंगं नवी घालते. रविवारची शर्यत हुकेल, पण पुढच्या वर्षी पुन्हा आहेच."

"इंजिन गोड चालतंय," बाबा म्हणाले. "चालत्या गाडीला खीळ घालायची नाही."

या घरात बाबांचा शब्द शेवटचा होता, गाडीच्या बाबतीत तर अगदीच. तेवढ्यावर थांबलं असतं तरी ताईने गोडीगुलाबीने आणखी एकदा विनवून पाहिलं असतं. पण भावजय पदराआड हसली.

"ताई, राग मानू नका हं. पण या घराचं एकदा दुधानं तोंड पोळलंय. ज्यांनी ऑइल भरायला विसरून एक इंजिन जाळलं, त्यांच्याच हातात पुन्हा इंजिन द्यायचं म्हणजे..."

झालं. तीच ती घरगुती गंमत! या घरात कोणी किल्ली विसरलं, छत्री विसरलं, गॅस बंद करायला विसरलं, की सगळे म्हणायचे, "ताईचं ऑइल झालं." भाची बोलायला लागली तेव्हा 'आई', 'बाबा' या शब्दांनंतर तिला जी काही वाक्यं आली त्यांतलं ते एक होतं, आणि त्यावर टाळ्या पिटून हसलेल्या माणसांत ताई स्वतःही होती. हसली नसती तर कोणीतरी विचारलं असतं, का गं, हसत का नाहीस?

सव्वीस वर्षांपूर्वी बाबांच्या गॅरेजात ताई त्यांचा उजवा हात होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी बाबांनी धाकट्याला गाडीचं ऑइल बदलायला सांगितलं. त्याने जुनं काढलं, मित्राची हाक आली म्हणून गेला, परत आला आणि नवं न भरताच गाडी घेऊन चक्कर मारायला निघाला. दुसऱ्या चौकात इंजिन जाम झालं. बाबांचा राग म्हणजे जमदग्नीचा, आणि याला घराबाहेर काढायची भाषा ते आधीच दोनदा बोलून चुकले होते. आई जाऊन चार महिने झाले होते... झोपेतून दचकून उठून ताईचा हात शोधणारं ते पोर तेव्हा पंचवीस कामगारांमागे थरथरत उभं होतं. बाबांनी विचारलं, ऑइल भरायला कोण विसरलं? आणि ताई म्हणाली, "मी."

बाबांनी सगळ्यांदेखत तिच्या हातातला पाना काढून घेतला. "आजपासून इंजिनाला हात लावायचा नाही." परगावच्या एका शर्यतीच्या टीमने तिला मेकॅनिक म्हणून बोलावलं होतं, फक्त बाबांच्या शिफारशीची खोटी होती. ती शिफारस त्यांनी लिहिली नाही. अकरा वर्षं ती त्याच गॅरेजात टेलिफोन उचलत बसली, आणि मग हिंमत करून स्वतःचं गॅरेज उघडलं. आज लांबलांबून लोक आपली जुनी इंजिनं घेऊन तिच्याकडे येतात. बाबांची गाडी तिच्या दारात कधीच आली नाही.

ताईने भावाकडे पाहिलं. निदान आता तरी बोलेल... या वेळी मध्ये पोटची पोर आहे! पण त्याने मिठाची गुळणी धरली होती. तेव्हाही धरली होती. त्याला तोंड उघडावं लागू नये म्हणून आपण इतकी वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला, आणि आपलं तेच खोटं आज या पोरीच्या जिवावर उठलंय, हे लक्षात आलं तेव्हा ताईने डिपस्टिक परत जागेवर खोचली.

"मी विसरले नव्हते," ती म्हणाली.

"काय?" बाबा म्हणाले.

"ऑइल. त्या दिवशी. मी विसरले नव्हते."

"मग कोण?"

ताईने कोणाचं नाव घेतलं नाही. तिने कोणाकडे बघितलंसुद्धा नाही. पायरीवरून धाकटा उठला. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो पुन्हा तसाच थरथरत होता.

"मी, बाबा. ऑइल मी विसरलो होतो... आणि हे ऑइलही मी मुद्दाम बदललं. ताई फिल्टर कापून बघणार, काही निघालं तर इंजिन उघडायचं म्हणणार, आणि इंजिनाचा विषय निघाला की तो दिवस निघतो. मला तो दिवस नको होता."

"फिल्टर कुठाय?" ताईने विचारलं.

"डिकीत. फेकायचा धीर झाला नाही."

ताईने फिल्टर करवतीने कापला, आतला चुण्यांचा कागद वर्तमानपत्रावर उलगडला आणि उन्हात धरला. सगळा कागद चमचमत होता. तिने त्यावरून लोहचुंबक फिरवला, एक कणही चिकटला नाही. लोखंड नव्हे, बेअरिंगचाच धातू. तिने तो कागद बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी तो चुरा अंगठ्याने बोटावर घासला, कितीतरी वेळ घासला. त्या म्हाताऱ्या बोटांना डोळ्यांची गरज नव्हती.

"या गाडीत माझी पोर बसणार होती..." भावजय दारातून अंगणात आली.

"अकरा वर्षं ती टेलिफोनवर बसली होती," बाबा मुलाला म्हणाले. "तू बघत होतास?"

"हो."

"तुझ्या बायकोलाही सांगितलं नाहीस?"

"नाही."

बाबांचा आवाज चढत गेला, आणि ते जे जे बोलले ते धाकट्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. या वेळी ताई मध्ये पडली नाही. दम लागल्यावर बाबा तिच्याकडे वळले.

"मला एका शब्दानं सांगितलं का नाहीस गं?"

"तुम्ही एकदाच विचारलंत, बाबा." "तुमच्या हाताखाली मी सात वर्षं काम केलं. सात वर्षांत मी एक तरी नट ढिला ठेवला होता का, एवढं आठवून बघायला तुम्हाला सव्वीस वर्षं होती!"

बाबांनी चेहरा हातांत लपवला. भाची धावत येऊन ताईच्या गळ्यात पडली. "आत्या, मी पण म्हणायचे गं... लहानपणापासून म्हणायचे..." ताईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिचा राग या पोरीवर नव्हताच.

धाकटा जवळ आला. "ताई, मला माफ कर."

"आज नाही जमायचं," ताई म्हणाली. "जॅक घेऊन ये. आणि बाह्या वर कर. चेंबर धरायला दुसरा माणूस लागतो."

तो जॅक आणायला गेला. बाबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, एकेक पायरी उतरून गाडीपाशी आले आणि खिशातली किल्ली काढून त्यांनी ताईच्या तळहातावर ठेवली. गॅरेजात बाबांनी जन्मभर कारागिरांना कामाचे दिवस ठरवून दिले होते. विचारले कधीच कोणाला नव्हते.

"किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

"चार."

"पाच घे," बाबा म्हणाले. "तू म्हणशील तेव्हाच निघेल गाडी."