वरच्या वळणावरची हाक

रविवारी मुंबईतल्या गिरण्या बंद, म्हणून विजेची मागणी कमी, म्हणून घाटाखालच्या वीजघरातून पाणी कमी, म्हणून कातळपाड्याची नदी गुडघाभर. तिथल्या लोकांचं पंचांग हे असं होतं. १९६७ साली मी खालापूर तालुक्यातल्या त्या गावी नदीची पातळी नोंदवायला होतो. सरकारी माणूस मी एकटा आणि फोन माझ्याच चौकीत, त्यामुळे नदीबद्दलचं एकूण एक गाऱ्हाणं माझ्याच दारात यायचं.

रविवारी सगळा पाडा पात्रात उतरायचा. पाड्यातला चांगो दगडांचा बांध घालायचा, मध्ये हातभर फट ठेवायचा आणि फटीशी बांबूचा सापळा लावायचा. वाम, शिंगाळा, झिंगे, येईल ते. वीजघर कधीकधी अवेळीही पाणी सोडायचं. म्हणून एक रीत होती. वरच्या माणसाला पाणी दिसलं की त्याने ओरडायचं, "आलाऽ रंऽ!" ज्याने ऐकलं त्याने खालच्याला तीच हाक द्यायची. लोंढा पोचण्याआधी हाक चार गावं पुढे गेलेली असे.

माघात खोट्या हाका सुरू झाल्या. रविवारी साडेदहाच्या सुमारास, वरच्या वळणावरच्या काळ्या खडकाकडून. लोक हातातलं टाकून पळायचे, चांगो सापळा उपसायचा, आत शिरलेली मासळी निसटायची. मग तासभर काठावर उकिडवं बसायचं. नदी होती तेवढीच. मी वीजघराला फोन करायचो. "नाही हो, पाणी बंद आहे," पलीकडचा वैतागून सांगायचा. मी त्याच्याहून वैतागलेला.

तीन रविवार असेच गेले. हाका नेमक्या तीन असत. तिसरी अर्ध्यावर तुटायची.

"कोण गाढव आहे हा?" मी चांगोला विचारलं.

"आमच्यातला नाय, सायब. आमच्यातला कोनी अर्दी हाक सोडत नाय."

"आनि धापा टाकतो तो," त्याची बायको गौराबाई म्हणाली. "लांबून धावत आल्यावानी."

चांगोची अडचण वेगळीच होती. येत्या रविवारी मोहोपाड्याचे पाव्हणे त्याच्या पोरीला बघायला येणार होते. ताटात नदीची वाम नसेल तर चांगोची शोभा होणार होती.

"या रविवारी जागचा हलू नकोस," मी म्हणालो. "हाक आली तरी. मी आधी फोन करतो, आणि त्या हरामखोराला वळणावरच धरतो."

"हाक मोडू नये, सायब. नदीला चालत नाय."

"नदी आता फोनवर चालते," मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

रविवारी नऊला फोन केला. पाणी बंद. मी घरोघर जाऊन सांगितलं, आज हाक आली तर पळायचं नाही, पुढे द्यायची नाही. लोकांनी माना डोलावल्या. तेही कंटाळलेच होते.

सव्वादहाला मी काळ्या खडकाशी पोचलो. कोणी नव्हतं. खाली चांगो सापळ्यावर वाकलेला दिसत होता, बोटाएवढा. साडेदहा झाले. हाक आली नाही. घाबरला लेकाचा, म्हणून मी खूश झालो आणि वरच्या अंगाची झुडपं बघायला शंभर-दीडशे पावलं पुढे गेलो.

ओल्या चिखलाचा वास आला.

समोरचे कोरडे गोटे एकेक करून काळे पडत होते. त्यांच्यामागे चहाच्या रंगाचं पाणी, छातीएवढं, काही आवाज न करता येत होतं. ते कुठून आलं हे चौकशीत शेवटपर्यंत निघालं नाही. वीजघराची दारं त्या दिवशी बंदच होती.

मी धावत खडकावर आलो.

"आलाऽ रंऽ!"

चांगोने मान वर केली. हात हलवला. हसलाही असेल. पुन्हा सापळ्यावर वाकला.

"आलाऽ रंऽ!"

काठावरून कोणीही ती पुढे दिली नाही. मीच तसं सांगितलं होतं.

पाणी खडकाखालून गेलं आणि वळलं.

"आलाऽ..."

पुढचं तोंडातून निघालं नाही. बांध दिसत नव्हता. सापळा दिसत नव्हता. हाक द्यायला पात्रात कोणी उरलं नव्हतं.

गावात कसा पोचलो आठवत नाही. पाडा नदीपासून चढावर, बांबूच्या बेटामागे. तिथून पात्र दिसत नाही. गौराबाई अंगणात विळीवर सकाळची मासळी साफ करत होती. पाव्हण्यांसाठी ओटी सारवली होती.

तिने मान वर केली नाही.

"आज पन तीनच हाका, सायब," ती म्हणाली. "तिसरी अर्दीच. गावला का तो?"