पहिली पेटी की दुसरी

गोदावरीबाईंचं पत्र गणपती गेल्यावर आलं, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.

पत्र तळा गावाहून आलं होतं, त्यांच्या भावाच्या घरून. अक्षर निळ्या शाईतलं, फळ्यावर लिहावं तसं ठसठशीत. बाई जन्मभर शाळेत विज्ञान शिकवत होत्या.

"फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता, आणि मग इतका वेळ गप्प बसता की मला वाटतं रेंज गेली. म्हणून पत्र. वहिनी आता हिंडतेफिरते आहे, पण भाऊ म्हणतो, चौलची वाडी मक्त्याने देऊन टाक आणि इथेच राहा. एक माणूस तयार आहे. तुळशीच्या लग्नाला तो शब्द घ्यायला येणार. तुमचं मत काय? मत हवंय मला, सल्ला नको."

मी लगेच कागद घेतला आणि मायन्यावरच अडलो. 'सप्रेम नमस्कार' लिहिलं, तर त्यातलं 'सप्रेम' माझ्याकडे टक लावून बघायला लागलं. 'सा. न. वि. वि.' लिहिलं, तर वीजबिलाची तक्रार करतोय असं दिसलं. दोन्ही कागद फाडले. आणि मुळात 'या' म्हणणारा मी कोण? वाचनालयातून निवृत्त झालेला, दमट पुस्तकांच्या कपाटांत कापूर ठेवत बसणारा एकटा म्हातारा. माझ्या मतावर कुणी आपलं घर कुठे मांडायचं ते ठरवावं... छे!

पत्र शब्दकोशात ठेवलं. पाऊस सरला. भाताची कापणी झाली. उत्तर राहिलंच.

आमची ओळख झाली ती एका पेटीमुळे. एका नव्हे, दोन.

माझा पुतण्या सुश्रुत पुण्याला असतो. संक्रांतीला आला तेव्हा त्याने मला एक म्युझिक स्ट्रीमर दिला. तळहाताएवढा डबा, पण इंटरनेटवरून जगातलं सगळं गाणं घरात आणतो. जाताना म्हणाला, "काका, हा नुसता नका लावू. चांगला डॅक घ्या मध्ये, तर गाणं गाण्यासारखं वाटेल."

मग मी डॅकविषयी वाचत सुटलो. जितकं वाचलं तितका गोंधळलो. शेवटी रेवदंड्याला हमीदभाईंच्या दुकानात गेलो. ते पंखे-मिक्सर विकतात, पण मुलगा शारजाला असल्यामुळे अशा चार अपूर्वाईच्या वस्तूही त्यांच्याकडे असतात. माझं "हा की तो" ऐकून ते कंटाळले आणि दोन्ही खोकी माझ्या हातात ठेवली.

"घेऊन जा, माधवभाई. आरामात ऐका. जी दिलाला भावेल ती ठेवा, दुसरी परत आणा. निकाह नाय पढवत मी तुमचा, इतके घाबरता कशाला?"

परतताना मिनीडोर रिक्षात दाटीवाटीने बसलो होतो. खोकी मांडीवर, दोन्ही हातांनी कवटाळलेली. शेजारी एक बाई होत्या. पिकलेले केस, सुती साडी, पिशवीतून डोकावणारा मुळा.

"जुळी आहेत?" त्यांनी विचारलं.

मी दचकलो. "अं?"

"इतकं जपून धरलंय, म्हणून विचारलं."

"नाही... डॅक आहेत. म्हणजे, यंत्रात गाणं आकड्यांच्या रूपात येतं. कानाला आकडे कळत नाहीत. ही पेटी आकड्यांचं पुन्हा गाणं करते."

"म्हणजे दुभाषी."

इतकं वाचून मला तो शब्द सुचला नव्हता. "हो... दुभाषी."

"मग दोन कशाला?"

"एकच ठेवायची. पण कुठली ते... ठरत नाही."

त्या हसल्या. रिक्षा खड्ड्यात आपटली, मुळ्याची पानं माझ्या मनगटाला लागली — ओली, गार. "आणि मनातलं बाहेर काढायला कुठली पेटी मिळते हो हमीदभाईंकडे? तुम्हाला लागेल. तुमच्या शेजारच्या वाडीत राहायला येऊन मला दोन वर्षं झाली. आवाज आज ऐकतेय तुमचा."

तेव्हा कुठे मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. या गोदावरीबाई. यजमान गेल्यावर, नोकरी संपल्यावर, सासरची नारळी-पोफळीची वाडी सांभाळायला आलेल्या. आमच्यामध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा होता, बस. रोज संध्याकाळी पंप सुरू झाल्याचा आवाज येई, पाटातून पाणी खळखळे. पण पाणी सोडणारं माणूस मी कधी डोळे वर करून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पेटी लावली. बासरी सुरू झाली, आणि तिच्याखाली एक बारीक, न थांबणारी घूं...

"माधवराव!" गडग्यापलीकडून हाक आली. "भुंगा पाळलाय का?"

मी धांदलीत खिडकीशी गेलो. "पेटीचा दोष असावा."

"बघू."

आणि त्या खरोखरच आल्या. माझ्या घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी चपला काढल्या होत्या. पुस्तकांच्या चळतींतून वाट काढत त्या पेटीपाशी गेल्या आणि तिच्या धातूच्या पाठीवर बोट ठेवलं.

"अगं बाई! चावते ही!"

मीही बोट ठेवलं. बारीकशी झिणझिणी आली. आमची बोटं पेटीवर शेजारी शेजारी होती. मी हात इतक्या घाईने मागे घेतला की चहाचा कप लवंडला.

"तुम्हाला जास्तच चावली वाटतं," त्या गंभीरपणे म्हणाल्या. डोळे मात्र हसत होते. मग म्हणाल्या, "घराचं अर्थिंग कुठे आहे तुमच्या?"

"मागे कुठेतरी असेल... पाईप पुरलाय जमिनीत. वडिलांच्या वेळचा."

"हं. वाळूची जमीन," त्या स्वतःशीच बोलल्या, आणि गेल्या.

मी नेमाचा माणूस. पहिली पेटी सकाळी ऐकायची, दुसरी संध्याकाळी, असा क्रम लावला. एकदोन दिवसांतच फरक कळला. संध्याकाळी, दुसऱ्या पेटीवर, भुंगा नाही! बासरी वाजायची आणि तिच्याभोवती नुसती शांतता... इतकी की वादकाने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येई. बाहेर ओल्या वाळूचा वास, पोफळीच्या फुलोऱ्याचा वास. बाई साडीचा पदर खोचून पाटाचं तोंड या आळ्यातून त्या आळ्यात वळवायच्या आणि मग विहिरीच्या कट्ट्यावर टेकायच्या. मी खिडकीत. मध्ये गडगा.

"आज कुठली?" त्या विचारायच्या.

"दुसरी. कशी वाटते?"

"शहाणी आहे. बोलते तेवढंच बोलते. तुमच्यावर गेलीय."

"मी... फार कमी बोलतो का?"

"नाही हो. मघाशी पूर्ण वाक्य बोललात. मी बघितलं ना."

असं रोज. मी दिवसभर संध्याकाळची वाट बघायला लागलो. कुठलं गाणं लावायचं ते दुपारीच ठरवून ठेवायचो. एकदा धीर करून विचारलं, "ही दुसरी ठेवू ना? पुढे नाही ना घोंगावणार?"

"मी शिंपतेय तोवर नाही घोंगावणार," त्या म्हणाल्या. मला ती थट्टा वाटली. छान वाटली. पहिली पेटी मी हमीदभाईंना परत केली.

वैशाख संपता संपता त्या तळ्याला गेल्या. वहिनीचं ऑपरेशन होतं. पिशवी खांद्याला लावून गडग्यापाशी थांबल्या.

"येते," त्या म्हणाल्या.

मला म्हणायचं होतं — लवकर या. मला म्हणायचं होतं, संध्याकाळी मी काय करू? मी म्हणालो, "हं."

 त्या हसल्या, पण नेहमीसारख्या नाही. "नीट बसवा हो तुमची पेटी," म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या.

पावसाळाभर पेटी उत्तम वाजली, आणि मला काही ऐकवेना. गाणं सुरू करायचो, खिडकीतून बघायचो. कट्ट्यावर शेवाळ धरलं होतं. "आज कुठली?" विचारणारं कुणी नसलं की कुठलीही पेटी सारखीच. मध्ये ते पत्र आलं. त्याची हकीकत सांगितलीच.

आणि कार्तिकात, जमीन वाळल्यावर, एका संध्याकाळी — घूं...

दुसऱ्या पेटीतून! मी वायरी बदलल्या, प्लग बदलले. भुंगा हलेना. पेटी घेऊन रेवदंडा गाठलं.

हमीदभाईंनी तिथल्या तिथे लावून दाखवली. गाणं स्वच्छ. "आणि तुम्ही परत केलेली ती पहिली," ते म्हणाले, "बोर्लीच्या झियाननं नेली. एक तक्रार नाय त्याची. बिमारी पेटीत नाय, माधवभाई. घरात बघा." मग चहा पुढे सरकवत, सहज म्हणावं तसं, "गोदाबाईंची वाडी घेणारा तो माणूस काल आला होता. नवा पंप बघून गेला. तुळशीचं लग्न झालं की वाडी त्याची."

मी चहावरची साय बाजूला केली.

"तळ्याच्या चिठ्ठीला जवाब दिलात?"

"तुम्हाला कसं..."

"पोस्टमन चहाला इथंच बसतो." त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "आमच्यात सलामाला जवाब द्यावाच लागतो. वाजिब आहे. आवडो, न आवडो. तुम्हाला तर आवडतो."

घरी आलो. पेटी तशीच टेबलावर ठेवली. गाणं लावायची इच्छा नव्हती. वाटलं, उद्या त्या कट्ट्यावर कुणीतरी परका बसेल. त्याआधी एकदा बघावं, तिथून आमची खिडकी कशी दिसते ते. गडगा ओलांडून कट्ट्याकडे जायला मी घराच्या मागे गेलो. भिंत आणि गडगा यांच्यामधल्या त्या बोळकांडीत मी सापांच्या भीतीने कधी पाऊल टाकत नाही. पडलेल्या झावळ्या काठीने बाजूला केल्या, आणि तिथे...

भिंतीला लागून वडिलांच्या वेळचा अर्थिंगचा पाईप उभा होता. गंजलेला, गुडघ्याएवढा. आणि त्याच्याभोवती आळं होतं.

नुकत्याच लावलेल्या पोफळीच्या रोपाला करावं तसं. गोल, काठ हाताने थापलेले. वाळून तडकलेल्या मातीत बोटांचे ठसे अजून दिसत होते. गडग्याच्या तळातला एक चिरा सरकवलेला होता, आणि त्या फटीतून बाईंच्या पाटाची एक बारीक वाट आळ्यापर्यंत येत होती.

मी तिथेच, सापांना विसरून, मातीत बसलो.

विज्ञान शाळेत शिकलो होतो मीही. अर्थिंगची जमीन ओली हवी. कोरड्या वाळूत त्याचा काही उपयोग नाही. तेव्हा सकाळी पहिली पेटी घोंगावत होती, कारण शिंपण संध्याकाळी व्हायचं. संध्याकाळी दुसरी शांत होती, कारण तेव्हा बाई माझ्या घराला पाणी घालत होत्या. पावसाने ते काम केलं, आणि पाऊस गेल्यावर कुणीच केलं नाही. दोन्ही पेट्या चांगल्या होत्या. मी उगीच एकीला नावं ठेवून दुसरीला शाबासकी देत बसलो होतो.

पण त्यांनी सांगितलं का नाही? सांगितलं असतं, तर मीच बादली ओतली असती... आणि मग रोज पाणी वळवायला गडग्यापाशी यायचं त्यांना कारण उरलं नसतं.

की हे मी माझ्या मनाचंच लावून घेतोय? घेत असेन. पण आळं खरं होतं. ठसे खरे होते. मी त्यातल्या एका ठशावर आपला अंगठा ठेवला. माझा जरा मोठा होता.

विहिरीवरून बादली आणली आणि ओतली. वाळूने पाणी गटागटा पिऊन टाकलं. आणखी एक ओतली. मग घरात जाऊन बासरी लावली.

शांतता. आणि त्या शांततेत, वादकाचा श्वास.

गाणं संपायच्या आत मी कागद घेतला. मायन्याशी हात पुन्हा थबकला. मग मी फक्त नाव लिहिलं.

"गोदावरी,

आळं सापडलं. आज पाणी घातलं, भुंगा गेला. पण किती घालायचं, कधी वळवायचं, ते मला कळत नाही. संध्याकाळी खिडकीत बसवत नाही.

मत विचारलं होतंत. वाडी देऊ नका. या.

हा सल्ला नाही.

माधव"

सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून पोस्टापाशी गेलो. पत्र तळ्याला वेळेत पोचेल इतके दिवस अजून हातात होते. बाहेरची लाल पेटी उन्हाने फिकी पडली होती. मी पाकीट तिच्या तोंडात सरकवलं, आणि हात तिथेच राहिला. 'गोदावरी' फार झालं का? बाई तरी लिहायला हवं होतं. 'या' नंतर 'कृपया'? एखादं वाक्य आणखी... किंवा एखादं कमी...

"काय वं भाऊ," मागून आवाज आला. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आवडाबाई उभ्या होत्या, रोज आमच्या आळीत येणाऱ्या. "कवाची बघतंय. हात अडकला काय?"

"नाही," मी म्हणालो, आणि सोडलं.