सत्तेचाळीस सेकंद

गेल्या मार्चच्या अकरा तारखेस, दुपारी साडेतीन वाजता, रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरील झोप-तपासणीच्या खोलीत जे घडले त्याचा हा तपशील आहे. मी कान-नाक-घशाचा सर्जन आहे. माझा विश्वास मोजमापावर आहे; म्हणून सुरुवातही तिथूनच करतो.

रुग्ण लांब पल्ल्याच्या बसचा चालक होता. त्याचे टॉन्सिल इतके वाढलेले, की एकमेकांना टेकत. झोपेत घशाची वाट बंद होई आणि श्वास थांबे. पहिल्या तपासणीत तो एका रात्रीत दोनशे बारा वेळा थांबला. सर्वांत लांब खंड सत्तेचाळीस सेकंदांचा, दोन वाजून चौदा मिनिटांनी. गाडी चालवताना डुलकी लागल्यामुळे त्याला घरी बसवले होते. माझा दाखला मिळाला तरच गाडी परत मिळणार होती.

माझी एक जुनी सवय आहे. झोपलेल्या रुग्णाच्या श्वासाशी मी माझा श्वास जुळवून पाहतो. तो थांबला की मीही थांबतो. अडथळा किती जड आहे, हे आकड्यांआधी छातीला कळते. विद्यार्थी यावरून माझी टिंगल करतात. चालकाजवळ त्या पहिल्या रात्री मी उजाडेपर्यंत तेच करत बसलो होतो.

मी टॉन्सिल काढले; शस्त्रक्रियेत बोट ठेवायला जागा नव्हती. दोन महिन्यांनी घसा पाहिला, तर हमरस्त्यासारखा मोकळा. त्याची बायको म्हणाली, "आता इतके शांत झोपतात, की आहेत ना, हे बघायला मलाच उठावं लागतं."

तरीही दुसऱ्या तपासणीत दोनशे बारा खंड आले. लांबीही तीच, मिनिटेही तीच.

आलेख तपासणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना सगळे मोजणीबाई म्हणतात. जुनीच फाईल पुन्हा जोडल्याचा आरोप मी त्यांच्यावर केला, तोही चारचौघांत. त्यांनी दोन्ही आलेख माझ्यापुढे ठेवले आणि तारखांवर बोट टेकवले.

"भांडायचंच असेल तर मशीनशी भांडा, डॉक्टर."

भांडलो. छातीला बांधायचे पट्टे बदलले, वायरी बदलल्या, अखेर यंत्रच बदलले. तिसऱ्या तपासणीतही आकडा ढिम्म हलेना. घरी बायकोची वेगळीच तक्रार सुरू झाली होती, की रोज दोनच्या सुमारास मी दचकून उठतो. ज्याचे काम फसते त्याला झोप लागत नाही, असे सांगून मी तो विषय मिटवला.

चौथ्यांदा चालक आला तो पिशवीत गणवेशाची टोपी घेऊन. "डॉक्टरसाहेब, अजून किती झोपू? घरात आता मला उशी म्हणतात," तो म्हणाला. हसला मात्र नाही.

या वेळी तपासणी दिवसा, माझ्या डोळ्यांदेखत घ्यायची असे मी ठरवले. पडदे ओढले. पाच मिनिटांत त्याला झोप लागली. मी खुर्ची पलंगाला लावून बसलो; मोजणीबाई मागे यंत्रापाशी होत्या. श्वास जुळवायचा नाही, फक्त पाहायचे, असे मनाशी बजावले होते.

त्याची छाती संथपणे वर-खाली होत होती. नाकाशी हात धरला. उबदार श्वास लागला.

यंत्राच्या पडद्यावरची श्वासाची रेषा सपाट झाली.

मी पट्टा घट्ट केला. रेषा उठली, सात-आठ वेळा हलली, पुन्हा सपाट झाली. पलंगावर श्वास अखंड चालू होता. मला इतका संताप आला, की मी पट्टाच सोडून काढला.

रेषा उठली.

यंत्रात खोचलेली वायर मी उपटली. तिची दोन्ही टोके माझ्या हातात होती.

रेषा आणखी चार वेळा हलली आणि पुन्हा सपाट झाली.

"बघा," असे म्हणायला मी मोजणीबाईंकडे वळलो. शब्द फुटला नाही.

त्या पडद्याकडे पाहतच नव्हत्या. त्यांची नजर माझ्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणावर होती आणि हातात घड्याळ होते.

"सत्तेचाळीस," त्या म्हणाल्या. "श्वास घ्या, डॉक्टर."

मी घेतला.

रेषा उठली.

चालक जागा होऊन आमच्याकडे आळीपाळीने पाहू लागला. मोजणीबाईंनी त्याच्या दाखल्याचा कागद ओढून माझ्यापुढे सहीसाठी सरकवला.

"यांना गाडी द्यायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही मात्र आजपासून एकटे झोपू नका."