शुद्ध वाणाची भाकरी

डॉ. मृण्मयी ऐवळे यांनी तापगृहाचं दार लाथेनं लोटलं. प्रयोगशाळेची संचालक अशी वागत नाही, पण सलग एकविसाव्या चाचणीत ज्वारीची कणसं पोचट निघाल्यावर माणसानं वागावं तरी कसं?

साल २०६८. माणदेशातल्या या बीजरक्षण केंद्रात भात्या नावाच्या ज्वारीच्या जुन्या वाणाचं बियाणं तीस वर्षं सांभाळलं होतं. दरवर्षी पेरायचं, नवं बी शीतकोठारात ठेवायचं, जुनं काढून टाकायचं. दुपारी चारला अन्न समितीची बैठक होती. शेहेचाळीस अंशांत दाणा धरणारी ज्वारी आज दाखवता आली नाही, तर माणशी महिन्याला मिळणारं सहा किलो धान्य चार किलोवर येणार होतं. आणि राज्यात माणसं होती सतरा कोटी.

मृण्मयी जेवायला बसल्या. केंद्राच्या शेतावर काम करणाऱ्या कोमलमावशी वाघमोडे रोज त्यांच्यासाठी भाकरी आणत. आजची नेहमीपेक्षा गोड होती. रागातही त्यांना ते जाणवलं.

तेवढ्यात आनुवंशशास्त्रज्ञ रेहान तांबोळी जनुकवाचकाचे कागद घेऊन आले. बी तीस वर्षं उघड्या रानात पेरलं, ऊन वाढत गेलं, तरी एका दाण्यातही फरक नाही, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

"मॅडम, जुन्या वाणात रानात उभ्या हजार ताटांत पाच-दहा वेगळी असतातच," ते म्हणाले. "ऊन वाढलं की बाकीच्यांचे पराग मरतात, ही वेगळी तगतात. पुढच्या वर्षी त्यांचंच बी जास्त. वाण असा आपोआप सुधारतो, आपण फक्त मध्ये यायचं नाही. आपल्याकडे ती वेगळी ताटं गेली कुठं?"

अकरा वर्षं संचालक असून हे आपल्याला ठाऊक नाही, याची मृण्मयींना चीड आली. रानातली ताटं मोजणारं माणूस एकच, म्हणून त्यांनी कोमलमावशींना आत बोलावलं आणि वेगळं कणीस कधी दिसलं का, असं विचारलं.

मावशींना प्रश्नच विचित्र वाटला. दिसायचं की! मळणीआधी खळ्यावर बसून त्या तेच तर निवडायच्या. नोंदवहीतल्या चित्राशी न जुळणारं, बुटकं, तांबूस कणीस बाजूला काढायचं, वाण शुद्ध राहिला पाहिजे. शेडच्या भिंतीवर नियम लिहिलेला होता, खाली सही मृण्मयींची.

"दाणा कसा असायचा त्यात?" तांबोळींनी विचारलं.

"गच्च. बाकीची पोचट असली तरी ती भरलेली."

मृण्मयींनी कपाळाला हात लावला. आधीच्या संचालकांचा नियम त्यांनी न वाचता पुढं चालवला होता, वर दरवर्षी शुद्धतेचं प्रमाणपत्रही मिरवलं होतं. त्या कणसांचं काय केलं, असं त्यांनी विचारलं.

"बाहेर पेरायचं नाही असा नियम, म्हणून घरी दळत आले. पहिल्यांदा पाटी भरून निघायची, मग सूपभर. कमीच होत गेली. यंदा दोन ओंजळी, तेवढीच शेवटची. परवा दळली." मावशींनी डब्याकडं बोट केलं. "तुमाला आवडती म्हणून तुमच्यासाठीच राखली हुती."

तांबोळींनी उरलेली चतकोर भाकरी उचलून पाहिली. जनुकवाचक तिच्यातलं बरंच काही वाचून दाखवील. पण भाजलेलं पीठ कुठल्याच रानात उगवत नाही. कोठारातलं बी तर आता तंतोतंत एकसारखं झालेलं. वेगळेपण पुन्हा जमायचं म्हणजे किती वर्षं, याचा हिशेब करायचं त्यांच्या जिवावर आलं.

"पुन्हा सुरुवात करायला किती दाणे लागले असते?" मृण्मयींनी विचारलं.

"एक."

कोमलमावशींनी दोघांकडं पाहिलं. "माझं काय चुकलं का, मॅडम?"

मृण्मयींच्या हातात अजून एक घास होता. खाववेना, टाकवेना.

"नाही मावशी," शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही आम्ही सांगितलं तसंच केलंत."

पावणेचार वाजले होते. त्यांनी घास खाल्ला आणि समितीला फोन लावला.