सपनात कंबर दुखत नाही

दवनीवाड्याच्या बांधीत, पाणी साचलेल्या भातशेतात, अकरा बाया वाकून रोपांचा रोवणा करत होत्या आणि कडेच्या धुऱ्यावर एक पुरुष बूट हातात धरून उभा होता. पाऊस भुरभुरत होता. छत्री होती त्याच्याकडे, पण ती धरली होती काखेतल्या कागदांच्या पिशवीवर. स्वतः भिजत होता. असा माणूस एकतर येडा असतो, नाहीतर विमावाला.

"विमा नको जी आमाले," दुर्गेश्वरी वाकल्या वाकल्याच म्हणाली.

"विमा नाही. कॉलेजचे अर्ज आहेत. मी... तत्त्वज्ञान शिकवतो."

"कोन्या कंपनीचं?"

बांधीभर हसू उसळलं. तोही हसला, हे दुर्गेश्वरीने पाहिलं. माणूस हसून राग झाकतो. याच्याकडे झाकायला रागच दिसत नव्हता.

दुर्गेश्वरी सव्वीसची. बारावी झाली आणि बाप गेला, तिथेच पुस्तक मिटलं. जीभ मात्र मिटली नाही. पाहायला आलेल्या दोन पाहुण्यांना तिने असे उलट प्रश्न केले की बिचारे अर्धा चहा टाकून उठले.

"काय शिकवता त्यात?"

"प्रश्न विचारायला."

"त्याले कॉलेज कायले लागते?"

"बरं, मग सांगा. आत्ता तुम्ही जाग्या आहात, स्वप्नात नाही... कशावरून?"

दुर्गेश्वरी पहिल्यांदा सरळ उभी झाली. चिखलाचा हात कमरेवर ठेवला, त्याला वरून खालपर्यंत पाहिलं.

"सपनात कंबर दुखत नाही, सर."

त्याने खिशातून पेन काढला आणि एका अर्जाच्या पाठीवर ते वाक्य लिहून घेतलं. बाईमाणसाचं बोलणं कुणी लिहून घेतं, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं. ती पुन्हा वाकली, पण त्या दिवशी तिची ओळ वाकडी गेली.

उमेंद्र त्याचं नाव. सडक अर्जुनीचा. बापाचा हायवेवर ढाबा. पोराने डाळीला तडका द्यायचा सोडून डोक्याला दिला. कॉलेजात नोकरी होती, पण कच्ची. यंदा तत्त्वज्ञानाला नऊच पोरं. शनिवारपर्यंत दहावं नाव मिळालं नाही तर विषय बंद, आणि मास्तर पुन्हा ढाब्यावर. म्हणून गावोगाव फिरणं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा धुऱ्यावर हजर.

"तुमचं उत्तर वर्गात सांगितलं. एक मुलगा म्हणाला, स्वप्नातही दुखू शकते."

"त्यानं कधी रोवणा नसन केला!"

बोलून तर गेली. पण बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाभळीखाली तिचा डोळा लागला. सपनात बांधीच होती, रोवणाच होता, आणि कंबर अशी दुखली की ती दचकून उठली.

गर्वाच्या बाईला हार गिळायला वेळ लागतो. तिला एक दिवस लागला.

"तो पोरगा खरा निघाला," गुरुवारी ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मंग आता काय समजाचं? जागी आहो का नाही?"

"मला नाही माहीत."

"तुमाले नाही माहीत? मंग शिकवता काय?"

"माहीत नाही असं म्हणायला घाबरू नये... तेवढंच."

माहीत नाही म्हणणारा पुरुष! घरात, गावात, पाहुण्यांत, एकही नव्हता. ती लावायच्या पऱ्ह्यांची जुडी हातात धरून उगाच उभी राहिली. त्याच्या चष्म्यावर पाण्याचे थेंब होते आणि तो पुसत नव्हता.

शुक्रवारी त्याने अर्ज पुढे केला. पेन उघडला.

"लिहू... तुमचं नाव?"

"नाही."

त्याने अर्जाची घडी घातली. "ठीक आहे," म्हणाला, बूट उचलले आणि निघून गेला. दुर्गेश्वरी वाट पाहत राहिली, 'का' एवढा एक शब्द विचारील म्हणून. चार दिवस प्रश्न शिकवणारा मास्तर ऐन कामाच्या वेळी मुका!

घरी येऊन तिने वहिनीची, नीतूची, पेटी उघडली आणि तिचं बारावीचं गुणपत्रक काढलं. नीतू गावात पहिली आली होती. चार वर्षं त्या कागदाने पेटीची हवा खाल्ली.

"सून कॉलेजात गेली तर भात कोन रांधन?" दुर्गेश्वरीची माय सुमित्राबाई कडाडली.

"मी."

"अन् तू सासरी गेली मंग?"

"मी कुठं चालली?" दुर्गेश्वरी म्हणाली. म्हणताना कान लाल झाले. मायने पाहिलं. मग नीतूच्या हातात बसभाडं ठेवलं.

शनिवारी दुपारी उमेंद्र रिकाम्या वर्गात नऊ अर्ज पुढ्यात घेऊन बसला होता. दारात दोघी आल्या. नीतूने दहाव्या अर्जावर सही केली, मोठ्या, सावकाश अक्षरात. सही झाल्यावर ती खिडकीशी जाऊन बाहेरचं झाड पाहू लागली. झाडात पाहण्यासारखं काही नव्हतं.

उमेंद्रने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुम्ही... तुम्ही का नाही?"

"विचारलं बाप्पा एकदाचं!" दुर्गेश्वरी म्हणाली. "तुमच्या वर्गात बसली असती तर जलमभर सर म्हना लागलं असतं."

"मग... काय म्हणायचं आहे?"

"तेच ठरवाले तर आली."

तो हळूच म्हणाला, "माझी नोकरी पक्की नाही."

"पक्कं काहीच नसते. तुमीच तर शिकवून राहिले."

खिडकीशी नीतूचे खांदे हसून हलत होते. उमेंद्र अर्ज सारखे करू लागला. आधीच सारखे होते.

"दुर्गेश्वरी... मी जागा आहे ना?"

"कंबर दुखून राहिली?"

"नाही."

"मंग दुखन," ती म्हणाली. "लगीन होऊ द्या."