मागे अजून एक

लिफ्ट-निरीक्षकाच्या घरी त्या रविवारी सकाळी खटला उभा राहिला होता, आणि आरोपी बोळात भिंतीला टेकून निमूट उभी होती: एक निळी माउंटन बाइक, जिच्या दोन्ही चाकांवर वर्षभराची धूळ साचली होती.

"संध्याकाळी आमच्या ऑफिसातला तो उंच कारकून हिला बघायला येणार आहे," बायको म्हणाली. "पसंत पडली तर घेऊन जाईल. येता-जाता माझ्या नडगीला पेडल लागतं. तुम्ही चालवत असता, तर एखादी नडगी दिलीही असती मी."

"विकायची नाही म्हणून सांगितलंय मी."

"मग चालवा. आज एक उतार, एकच, हिच्यावर बसून उतरून दाखवा. उतरलात तर ही इथेच राहील, मी चकार शब्द काढणार नाही. मध्येच पाय टेकलात, तर संध्याकाळी हिची पाठवणी."

"साक्षीला मी आहेच, ताई," तोंडातला टोस्ट सावरत मेहुणा म्हणाला. हा बायकोचा धाकटा भाऊ. औषधांच्या दुकानात उभा राहून तो दिवसभर लोकांना गोळ्या देई आणि रविवारी टेकड्यांवर सायकल हाणून स्वतःची तब्येत राखी.

"तू कसला साक्षीदार? तुझ्या भाऊजींनी सायकल हातात धरून चालवली, तरी उडत आले म्हणून सांगशील."

निरीक्षकाने या थट्टेत भाग घेतला नाही. लिफ्टमध्ये लोखंडी वजने रचून ती कुठवर सोसते आणि कुठे कुरकुरते हे पाहणे हा त्याचा व्यवसाय होता. आणि भार टाकून पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हा व्यवसायाचा नियम त्याने घरातही लागू केला होता. म्हणूनच मेहुणा त्याला शंकासुर म्हणे. पण या एका गोष्टीवर भार टाकून पाहायला तो स्वतःच तयार नव्हता. गेल्या वर्षी एका उतारावरून तो झुडपात कोसळला आणि त्याची कॉलरबोन मोडली. हाड यथावकाश जुळले. तेव्हापासून मात्र कोणताही उतार नुसता आठवला, तरी त्याचा हात सायकलकडे जात नसे. विचारणाऱ्यांना तो हाडाचे कारण सांगे. खरे कारण त्याने कोणालाच सांगितले नव्हते. पडण्याचे त्याला फारसे काही वाटले नव्हते. पण त्या दिवशी रांगेत तो शेवटचा होता. मेहुणा पायथ्याशी पोहोचून कोणाशी तरी टायरांच्या गोष्टी करत बसला होता, आणि निरीक्षक झुडपात उताणा पडून चष्म्याच्या काचेवरून चालणाऱ्या मुंगीकडे पाहत होता. आपल्या मागून कोणीही येणार नाही, हे त्याला तेव्हा पक्के ठाऊक होते. ती जाणीव हाडासारखी जुळून आली नव्हती.

"वाट कोणती, ते तर ठरवा," बायको म्हणाली.

मेहुण्याने फोन टेबलावर ठेवला. "हे ॲप बघा, भाऊजी. आसपासच्या सगळ्या वाटा आहेत यात. हिरवी म्हणजे सोपी, निळी म्हणजे बरी, आणि काळी म्हणजे ज्यांनी विमा उतरवलाय त्यांच्यासाठी. चढ किती, उतार किती, दगड कुठे, सगळं दिलंय. ही हिरवी बघा. एकच उतार, तोही मातीचा. काल रात्रीपर्यंत दिसत नव्हती. नवीन घातली असेल."

निरीक्षकाने ॲपमध्ये त्या वाटेखाली लोकांनी लिहिलेल्या प्रतिक्रिया वाचायला घेतल्या. लिफ्टचे जुने दाखले तो वाचे तशाच, एकही न गाळता. "वाट उत्तम. सोबत चांगली मिळते." "माती घट्ट, वळणे सोपी. सोबत मिळते." "एकटाच गेलो होतो, पण एकटे वाटले नाही."

"सोबत मिळते म्हणजे काय?"

"म्हणजे लोक येत-जात असतात. बोलके असतात."

"मग 'लोक असतात' असं लिहावं. 'मिळते' म्हणजे..."

"शंकासुर, क्रियापद तुटून कुणाची लिफ्ट पडत नाही. चला!"

दोघे आणि मागच्या चाकावर उभी केलेली सायकल, असे सगळे एकाच वेळी लिफ्टने खाली उतरले. लिफ्टने हूं की चूं केले नाही.

टेकडीच्या पायथ्याशी गाडी लावून मेहुण्याने आपली सायकलही उतरवली आणि ॲपमध्ये दोघांचा एक गट तयार केला, म्हणजे कोण कुठे आहे ते नकाशावर दिसेल. हवा स्वच्छ होती. उंच, सरळ झाडांमधून ऊन तिरपे उतरले होते आणि ओल्या पाल्याचा थोडा आंबूस, थोडा गोड वास येत होता. मेहुणा पुढे, निरीक्षक मागे. वाट इतकी अरुंद होती, की दोन्ही हातांची कोपरे गवताला लागत.

अशा अरुंद वाटांवर सायकलवाल्यांची एक रीत असते. समोरून कोणी आले, तर एका पक्षाने बाजूला होऊन थांबायचे. जाणाऱ्यांपैकी पुढच्याने, मागे अजून किती आहेत, ते ओरडून सांगायचे. सर्वांत मागे असलेल्याने सांगायचे, "मी शेवटचा." ते ऐकल्यावरच थांबलेल्यांनी पुन्हा वाटेवर यायचे. निरीक्षकाला ही रीत मनापासून आवडे. परक्या माणसांनी एकमेकांना न मागता खरा अहवाल द्यावा, अशा जागा जगात फार नाहीत, असे त्याचे मत होते.

पहिल्याच वळणावर समोरून दोन बायका आल्या आणि सायकली गवतात घेऊन थांबल्या.

"मागे अजून एक!" मेहुणा ओरडला.

"मी शेवटचा," निरीक्षक म्हणाला.

बायकांनी हसून मान डोलावली. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. थोडे पुढे जाऊन त्याने वळून पाहिले. त्या अजून तशाच, एकेक पाय टेकून थांबल्या होत्या. मग दोघींनी, वाटेवर समोर कोणीही नसताना, पुन्हा तशीच हसून मान डोलावली आणि सायकली वाटेवर आणल्या.

"गप्पा मारत असतील," मेहुणा म्हणाला.

"मान एकाच वेळी डोलावली."

"मग गाणं म्हणत असतील! भाऊजी, बायका कशाला हसतात हे तुम्हाला लग्नाला इतकी वर्षं होऊन कळलं नाही, ते आज कळणारे का?"

चढ संपला आणि वाट सपाट झाली. पेडल मारायचे थांबवले, की सायकलच्या मागच्या चाकातून टिकटिक ऐकू येते. निरीक्षकाला तो आवाज वर्षभरानंतर ऐकून बरे वाटले. त्याने ब्रेक दाबला. चाक थांबले. टिकटिक मात्र आणखी क्षणभर चालू राहिली आणि मग, एखाद्याने अदबीने थांबावे तशी, थांबली.

त्याने हे प्रतिध्वनीच्या खात्यात टाकले. भोवती भिंत किंवा कडा काहीच नव्हते, हे त्याच्या लक्षात आले. पण तिथे त्याने वाद घातला नाही.

पाणी प्यायला थांबल्यावर मेहुण्याने फोन पाहिला आणि तो हसत सुटला. "हे बघा! आपल्या गटात तीन ठिपके. मी, तुम्ही आणि तुमच्या अगदी पाठीला पाठ लावून हा तिसरा. नावाच्या जागी काहीच नाही."

"उपग्रहाची चूक. एकाच फोनची जागा दोनदा पकडली असेल."

"मग पुसून टाकतो." मेहुण्याने बोट फिरवले. ठिपका गेला आणि परत आला. "नाही जात. राहू दे बिचारा. तेवढीच सोबत!"

तो शब्द ऐकून निरीक्षकाने बाटलीचे झाकण गरजेपेक्षा जरा जास्तच घट्ट लावले.

उताराच्या थोडे अलीकडे मागून एक पिकल्या केसांचे गृहस्थ पळत आले. घामाने डबडबलेले, पण चेहरा खुललेला. मेहुण्याला ओलांडून पुढे जाण्याआधी ते निरीक्षकाच्या बरोबरीने चार पावले पळाले.

"तुमचे ते मागचे मित्र फार मजेशीर आहेत हो! हसून हसून दम लागला मला."

"माझ्या मागे कोणी नाही."

"अगदी हेच म्हणाले ते! म्हणाले, तो पुढचा आहे ना, तो मला मोजतच नाही." गृहस्थ पुन्हा हसले. "आणि सांगितलंय, की खांद्याची काळजी करू नका. या वेळी मी मागे आहे."

ते पुढे निघून गेले. त्यांच्या बुटांचा आवाज मावळला. खांद्याचे या टेकडीवर फक्त मेहुण्याला ठाऊक होते, आणि मेहुणा पुढे होता.

मग उतार आला.

उतार खरोखरच सोपा होता. तपकिरी, घट्ट मातीची एक पट्टी झाडांमधून खाली जाऊन डावीकडे वळली होती. मेहुण्याने आरोळी ठोकली आणि तो दिसेनासा झाला. थोड्या वेळाने निरीक्षकाच्या खिशातून ॲपमधली बाई प्रसन्न आवाजात म्हणाली, "गटातील पहिला सदस्य पोहोचला."

निरीक्षक माथ्यावर एक पाय टेकून उभा होता. डाव्या खांद्यातले हाड, जे पावसाळ्यातही कधी दुखले नव्हते, ते आता दुखू लागले.

मागून टिकटिक आली. जवळ आली. त्याच्या मागच्या चाकापाशी येऊन थांबली.

साखळीच्या ताज्या तेलाचा वास आला.

त्याने मागे पाहिले नाही. संध्याकाळी येणारा उंच कारकून त्याच्या डोळ्यांपुढे आला. सायकलवरून उतरण्यासाठी त्याने दुसरा पायही सोडला.

"अहो!" खालच्या वळणावरून हाक आली. एक माणूस चाक काढून पंक्चर काढत बसला होता. हत्यारांचा सगळा संसार त्याने वाटेच्या कडेला गोळा करून ठेवला होता. "तुम्ही गेलात की इथेच पसरून बसतो मी. तुम्ही शेवटचे ना?"

"मी शेव..."

शब्द पुरा होईना. तो सकाळपासून किती सहज बोलला गेला होता! आता मात्र त्या शब्दापलीकडे एक झुडूप होते, आकाश होते आणि काचेवरून चालणारी मुंगी होती.

"काय म्हणालात?"

"मागे अजून एक!" निरीक्षक ओरडला.

"बरं, मग थांबतो!"

पाय आपोआप उचलला गेला.

माती चाकाखालून सरसरत धावू लागली. वारा कानात शिरला. हाताने ब्रेकला नुसता स्पर्श केला आणि सोडून दिला. पंक्चरवाला झाडाला चिकटून उभा होता. निरीक्षक जवळून गेला तेव्हा त्याने आधी निरीक्षकाला आणि मग, थोडी नजर मागे नेऊन, आणखी कोणाला तरी हात केला.

निरीक्षकाला त्याचे काहीच वाटले नाही. तो हसत होता. मोठ्याने, शाळा सुटल्यासारखा.

मागे टिकटिक होती. अंतर राखून, इमानाने.

पायथ्याशी मेहुण्याने त्याला सायकलसकट मिठी मारली. "पाय टेकला नाहीत! देवाशपथ, मी वळणापासून बघत होतो!"

"गटातील सर्व सदस्य पोहोचले," खिशातली बाई म्हणाली, आणि दोघेही खो खो हसले.

गाडीतून निरीक्षकाने बायकोला फोन केला. "कारकुनाला सांग, घरात नांदते आहे ती."

"खोटं!"

"तुझ्या भावाला विचार."

"त्याला नाही विचारणार. तुमचा आवाजच सांगतोय. बरं झालं. वर्षभर असा आवाज ऐकला नव्हता. या लवकर, पानं घेतलीत."

मेहुण्याने त्याला इमारतीच्या दारात सोडले. त्याची स्वतःची बायकोही जेवायची थांबली होती. हात हलवून तो गेला. निरीक्षक शीळ घालत लिफ्टपाशी आला, सायकल मागच्या चाकावर उभी करून आत शिरला आणि चौथ्या मजल्याचे बटण त्याने दाबले.

लिफ्टने गजर दिला. जादा भाराचा.

तो चमकला. हा गजर त्याने स्वतः वजने रचून तपासलेला होता. चार माणसे पेलणारी लिफ्ट एका माणसाला आणि एका सायकलला नाही म्हणणे शक्य नव्हते. सकाळी तर मेहुणाही होता. त्याने सायकल बाहेर काढून भिंतीला लावली आणि तो एकटाच परत आत उभा राहिला.

गजर चालूच राहिला.

लिफ्टमध्ये साखळीच्या ताज्या तेलाचा वास येत होता.

निरीक्षक बाहेर आला. गजर तत्काळ थांबला. दारे सावकाश मिटली आणि लिफ्ट वर निघाली. ती चौथ्या मजल्यावर थांबल्याचा आवाज त्याला ओळखीचा होता. दारे उघडली. वर घराची कडी निघाली आणि जिन्याच्या पोकळीतून बायकोचा हसरा आवाज खाली आला.

"अगंबाई! या ना, आत या. सायकल इथे बोळातच लावा, जागा आहे... हो का? मागे अजून एक? आणि ते शेवटचे? बरं, मग दार उघडंच ठेवते."

त्याने एक हात कठड्यावर ठेवून कान दिला. दार लागल्याचा आवाज आला नाही. बोळातून आत आत जाणारी टिकटिक मात्र स्पष्ट ऐकू आली.