कोऱ्या ओळीतलं नाव

केनियातल्या किसुमूच्या बसस्थानकामागे मासेमारीच्या जाळ्यांचं एक दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस: दोन टेबलं, एक प्रिंटर आणि खिडकीतून दिवसभर येणारा वाळत्या मासळीचा वास. मी प्रोग्राम लिहिते. स्वभाव शंकेखोर आहे. चर्चमध्येही घोषणा ऐकली की मी तारीख पडताळून बघते, असं माझी बहीण डोरीन म्हणते, आणि ते खरं आहे.

गावातल्या एका प्रसूतिगृहासाठी मी बाळांची कार्डं छापून देते. कार्डाचा मजकूर ठरलेला असतो. त्यात जिथे माहिती बदलते तिथे एक टिंब आणि त्यापुढे एक शब्द: नाव, आई, वजन, जन्मवेळ. मागे प्रत्येक बाळाचा एक मॅप असतो. मॅप म्हणजे स्वयंपाकघरातली चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांची फळी समजा. टिंब देऊन चिठ्ठीवरचा शब्द लिहिला, की त्या डब्यात असेल ते कार्डावर येतं. वेगळा खटाटोप नाही. ही सोय मला फार आवडते.

डबाच नसला तर मात्र प्रोग्रामची ही भाषा सरळ छापते, 'किंमत नाही'. हे माझ्या ध्यानात राहिलं नाही आणि एका ओल्या बाळंतिणीच्या हातात कार्ड पडलं: बाळाचं नाव, किंमत नाही. ती बिचारी दिवसभर रडली.

"बेरिल, तू तर पोराचा भावच काढलास," क्रिस्पिन म्हणाला. तो माझ्यासमोर बसून प्रसूतिगृहाच्या वहीतली माहिती भरतो आणि उरलेला वेळ माझी टर उडवतो. "आता आजी विचारायला येईल, किती उतरला म्हणून."

त्याच दिवशी मी नियम घातला. डबा नसेल तर ओळ कोरी सोडायची, नाव मागाहून हातानं लिहायचं. कारण आम्हा लुओ लोकांमध्ये नाव ठरायला वेळ लागतो. पहाटे, दुपारी, पावसात, जशी जन्मवेळ तसं एक नाव पडतं. शिवाय एखादं गेलेलं माणूस घरच्यांच्या स्वप्नात येऊन आपलं नाव मागतं. जुळ्या मुलींचं तेवढं आधीच ठरलेलं: पहिली आपियो, दुसरी आदोंगो. त्यात निवड नसते. आणि बाळ सारखं रडायला लागलं की म्हातारी माणसं म्हणतात, नाव चुकलंय.

डोरीनला मुलगी झाली. एकच, तीन किलो शंभर ग्रॅम. सासूबाईंना अजून कुणाचं स्वप्न पडलं नव्हतं, म्हणून नाव नव्हतं. आठवड्यात वजन अडीच किलोवर आलं. रडून रडून पोरीचा आवाज घोगरा झाला होता, ती पीत नव्हती. शुक्रवारपर्यंत वजन वाढलं नाही तर मोठ्या इस्पितळात नेऊन नाकातून नळी घालू, असं सिस्टरनं सांगितलं. मला दोन दिवस अन्न गोड लागत नव्हतं.

बुधवारी सकाळी क्रिस्पिननं तिच्या आठवड्याच्या वजनाचं कार्ड छापलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"ठरलं वाटतं नाव. सांगितलंही नाहीस."

नावाच्या ओळीत लिहिलं होतं, आदोंगो.

"हे तू भरलंस?"

"मी वजन भरलं. भाची तुझी, प्रोग्राम तुझा. माझ्या माथी कशाला मारतेस?"

मी मॅप उघडला. तीनच डबे होते: आई, वजन, जन्मवेळ. नावाचा डबाच नव्हता. पुन्हा छापलं, पुन्हा आदोंगो. त्या आठवड्यातल्या बाकी सात बिननावी बाळांची कार्डं काढली, सातही ओळी कोऱ्या. मशीन बंद करून चालू केलं. मी लिहिलेला प्रत्येक शब्द बोट ठेवून वाचला. चूक सापडली नाही.

भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मला कुतूहलच वाटत होतं. मी कार्डात टिंब दिलं आणि जो डबा मी आयुष्यात कधी केला नाही त्याचं नाव लिहिलं: बहीण.

कागद बाहेर आला. आपियो.

क्रिस्पिन खुर्चीतून उठला. "बंद कर ते."

"थांब, एकच."

मी लिहिलं: कुठे.

आईच्या उजवीकडे.

क्रिस्पिननं जाकीट उचललं आणि जेवायला जातो म्हणाला. सव्वादहा वाजले होते.

मी मोटरसायकलवाल्याला थांबवून थेट डोरीनकडे गेले. ती पलंगाच्या पार डाव्या कडेला बसली होती, एक पाय खाली सोडून. बाकी सगळा पलंग रिकामा होता. मांडीवर पोर तोंड उघडून रडत होती, आवाज जेमतेम येत होता.

"उजव्या बाजूला घेऊन बघितलंस?" मी म्हटलं.

"तिकडे जातच नाही गं ताई. नेलं की अंग आखडते. कुणीतरी धरून ठेवलेल्या जागेवर बसवावं तशी."

"मग त्या बाजूला दूध साठून गाठ आली असेल."

"नाही ना. सिस्टरनंही बघितलं. नवल म्हणाली. ती बाजू मऊच आहे."

मी तिला कार्ड दिलं, मग दुसरे दोन कागद. तिनं ते बराच वेळ वाचले.

"एकच होती, ताई. सिस्टर होत्या, सासूबाई होत्या. एकच झाली."

"माहीत आहे."

ती पोरीवर वाकली. "आदोंगो," म्हणाली.

रडणं थांबलं.

मग डोरीननं मान उजवीकडे वळवली. तिथे फक्त घडी घातलेला लेसो होता, बाळाला गुंडाळायचा. तिनं तो हळूच उलगडला.

"आपियो."

पोर डाव्या बाजूला तोंड लावून प्यायला लागली. गटागटा आवाज येत होता. मी भिंतीला टेकून मोकळेपणानं रडले.

शुक्रवारी वजन दोन किलो सातशे भरलं. नळीचा विषय निघाला नाही. ते दोन शब्द मी कार्डातून काढून टाकले. उत्तर मिळालेलं नाही, शोधणं चालू आहे. आणखी एक शब्द मनात आहे, टिंब देऊन लिहायला बोटं शिवशिवतात: कधीपर्यंत. अजून लिहिलेला नाही.

काल रविवार होता, त्या शुक्रवारनंतरचा सहावा. जेवण झाल्यावर मी आदोंगोला खांद्यावर घेतलं. ती तिथेच झोपली, चांगली गुबगुबीत झालीय. डोरीन समोर बसून चवळी निवडत होती. बोलता बोलता तिनं सूप खाली ठेवलं, उजव्या बाजूची बटणं सोडली, हाताचं कोपर वाकवलं आणि तशीच बसून राहिली.

"बाळ माझ्याकडे आहे," मी म्हणाले.

"हो. तिला नंतर पाजते."

पाच-दहा मिनिटांनी तिनं लेसोचं टोक घेतलं आणि कोपराच्या आत, रिकाम्या जागी, एवढंसं काहीतरी पुसलं. हनुवटी पुसावी तसं.